सरकारी योजनेचा फोटो काढायला पहिल्यांदाच निघताय? मग हे आधी वाचून घ्या

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात बारा वर्षं पेपरसाठी फोटो काढतोय, स्ट्रिंगर म्हणून, म्हणजे छापला तर पैसे, नाही छापला तर पेट्रोल आपलं. त्यातले निम्मे तरी फोटो सरकारी योजनांचे. रेशन, अंगणवाडी, रोजगार हमी म्हणजे रोहयो, घरकुल, आता लाडकी बहीण. सुरुवातीला कुणी काही शिकवलं नाही, ऑफिसातून फोन यायचा "तिकडं वाटप आहे, एक फोटो टाक" आणि मी टाकायचो. लय उशिरा डोक्यात प्रकाश पडला की जीआर, म्हणजे योजनेचा शासन निर्णय, कुणी वाचत नाही, बातमीसुद्धा कुणी शेवटपर्यंत वाचत नाही, पण योजना हक्काची आहे का मेहरबानी, घेणारे गरजू आहेत का फुकटे, हे लोक त्या तीन कॉलमी फोटोवरून ठरवून मोकळे होतात. आणि तो फोटो आपण काढलेला असतो, साहेबांची गाडी यायच्या आत नाहीतर गेल्यावर, घाईघाईत.

आता दरवर्षी दोन-चार नवीन पोरं-पोरी विचारतात की कॅमेरा कुठला घेऊ. कॅमेरा कुठलाही घ्या हो. बाकीचं इथं लिहितोय, जसं आठवेल तसं.

निघण्याआधी काय काय सोबत पाहिजे

- ओळखपत्र, आणि नवीन असाल तर संपादकांचं एक साधं पत्र. पत्र नसेल तर शाळेच्या फाटकावरच अडकाल.
- योजनेचा जीआर, मोबाइलमध्ये पीडीएफ. राज्य सरकारच्या साइटवर मिळतो, फुकट.
- शाळा किंवा अंगणवाडी असेल तर आत पाय टाकायच्या आधी मुख्याध्यापकांची किंवा सेविका ताईंची परवानगी.
- वही आणि पेन. मोबाइलमध्ये लिहितो म्हणणाऱ्यांची बॅटरी दुपारी दोनला संपते, अनुभव आहे.
- एक साधी वाइड ते मध्यम लेन्स, किंवा बरा मोबाइल. मोठी झूम लागतेच असं नाही, का ते खाली सांगतो.
- फ्लॅश घरी ठेवा. अंगणवाडीत लेकरं दचकतात.
- झटकन काढता येतील अशा चपला. हसू नका, अंगणवाडीत आणि कुणाच्याही घरात चपला बाहेर काढाव्या लागतात, बुटाची लेस सोडेपर्यंत सगळे सावध होऊन ओळीत उभे राहतात आणि फोटो गेला.

१. आधी जीआर, मग कॅमेरा

सगळा वाचू नका, कुणीच वाचत नाही. तीन गोष्टी शोधा: कुणाला मिळणार, किती मिळणार, कसं मिळणार. एवढ्याने फोटो बदलतो.

उदाहरण देतो. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत. हा कायदा आहे, म्हणजे बाई दुकानात तिच्या हक्काचं धान्य मोजून घेतीये. आता हे माहीत नसलेला फोटोग्राफर काय काढतो? पुढाऱ्याचा फोटो छापलेली पिशवी आणि पिशवीच्या खाली पसरलेले हात. ज्याला माहितीये तो काट्याचा आकडा, पॉस मशीनची (अंगठा लावून धान्य देतात ते यंत्र) पावती आणि पावतीकडं डोळे बारीक करून बघणारी बाई काढतो. दुकान तेच असतं, फक्त पहिल्या फोटोत ती भिकारी दिसते आणि दुसऱ्यात गिऱ्हाईक.

शाळेच्या पोषण आहाराचंही तसंच. पहिली ते पाचवीच्या लेकराला १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी, २० ग्रॅम. हे पाठ असेल तर ताटातली पातळ पिवळी खिचडी बघून तुम्हाला कळतं की डाळ कुठं गेली, मग फोटो ताटाचा निघतो, नाहीतर ओळीत बसून हसणाऱ्या पोरांचा निघतो आणि सगळं कसं छान छान.

२. कार्यक्रमाला जा, पण खरा फोटो दुसऱ्या दिवशी

स्टेजवरचा तो भला मोठा थर्माकोलचा चेक सगळ्यांनी बघितलाय. लाडक्या बहिणीचे १५०० रुपये महिना थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात जातात, डीबीटीने. म्हणजे स्टेजवर देण्यासारखं काही नसतंच! तो चेक बँकेत चालत नाही, तो फक्त तुमच्या माझ्या कॅमेऱ्यासाठी बनवलेला असतो, आणि आपण इमानेइतबारे तो काढून पाठवतो. वर्षानुवर्षं असेच फोटो बघितल्यावर माणसाच्या डोक्यात पक्कं बसतं की कुणीतरी वरचा खालच्याला देतोय, आणि मग घरात बसलेला नोकरदार माणूस म्हणतो "आमच्या टॅक्समधून वाटतायत". त्याचं काय चुकलं, त्याला आपण वाटपच दाखवलं.

ऑफिसला कार्यक्रमाचा फोटो लागतो, तो द्या, भांडू नका, पाच मिनिटांत होतो. माहिती कार्यालयाकडून प्रेसनोटसोबत फोटो येतोच, त्यात साहेब मधोमध असणार, त्यांचं कामच ते आहे. तुम्ही परत तोच अँगल कशाला काढता?

दुसऱ्या दिवशी सकाळी बँक मित्राच्या, म्हणजे गावात बँकेचे पैसे काढून देणाऱ्या माणसाच्या, टेबलाशी जाऊन बसा. मी असाच बसलो होतो एकदा. एक आजी आल्या, मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. पदराला पुसला, परत लाल. मग त्यांनी अंगठा डोक्यावरनं फिरवला, केसातलं तेल लागावं म्हणून, परत ठेवला. आयुष्यभर खुरपं धरून रेषाच गेलेल्या. चौथ्यांदा लागला, आणि आजी मशीनला म्हणल्या, "झालं का गं बाई समाधान?" त्या अंगठ्याचा फोटो मी काढलेल्या योजनांच्या फोटोंत मला सगळ्यात जवळचा. स्टेजवर असलं काही सापडत नाही.

३. उभं कुठं राहायचं, किती वाजता जायचं

लांबून झूम करून रांग काढली की पंधरा बायका चेंगराचेंगरीसारख्या दिसतात. जवळ जाऊन साध्या लेन्सने काढली की त्याच पंधरा बायका गप्पा मारत उभ्या असलेल्या दिसतात. दोन्ही फोटो तांत्रिकदृष्ट्या खरे. म्हणून रांग असेल तर आधी डोकी मोजा, वहीत लिहा, मग लेन्स ठरवा. आणि खाली बसलेल्या माणसाचा फोटो उभं राहून काढू नका, वरनं काढला की माणूस केविलवाणा दिसतो, तुम्हीही खाली बसा, गुडघे दुखले तरी.

वेळेचा घोळ सगळ्यात जास्त रोहयोच्या कामावर होतो, इथं जरा थांबतो.

आपल्याकडं रोहयो १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिली. वि. स. पागे यांची कल्पना, कायदा १९७७ चा, अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला, आणि देशाचा कायदा (मनरेगा) त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००५ मध्ये झाला. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या काळातले फोटो आठवा, डोक्यावर पदर, हातात हातोडी, खडीचा ढीग. माझी आजी अशा कामावर गेलेली, सुकडी खाल्लेली, लाल मिलोच्या (परदेशी ज्वारीच्या) भाकरीचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायची. ते फोटो बघून शहरातल्या माणसाला निदान एवढं तरी कळलं की ही माणसं काम मागतायत.

आता उलटं झालंय. आता नवीन फोटोग्राफर दहा वाजता घरनं निघतो, साइटवर बारा-साडेबाराला पोचतो, तोवर माणसं सकाळी सातला लागून काम उरकून लिंबाखाली भाकरी सोडून बसलेली असतात. हा क्लिक करतो, हेडिंग पडतं "रोहयोवर मजूर सावलीत, पैसे मात्र पूर्ण". अरे बाबा, इथं मजुरी कामाच्या मोजमापावर मिळते, किती घनमीटर माती काढली त्यावर. सावलीत बसल्याचे पैसे मिळत नाहीत कुणाला. असला फोटो मीसुद्धा पहिल्या वर्षी काढलाय, छापून पण आला, कौतुक पण झालं, आता आठवलं की कानकोंडं होतं.

त्यामुळं साइटवर सकाळी सातच्या आत. आणि खोदलेल्या खड्ड्याचा, मोजपट्टीचा, मस्टरचा (हजेरीपटाचा) फोटो घ्यायला विसरू नका.

जाता जाता एक गंमत, खरं तर गंमत नाही. १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामं सोडून, मनरेगाच्या सगळ्या कामांवर हजेरी ॲपने सक्तीची झाली, दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून चढवायचा. म्हणजे फोटो नाही चढला तर त्या दिवसाची मजुरी लटकली, नेटवर्क नाही म्हणून घाम गाळलेला दिवस गेला. आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राच्याच ग्रामविकास मंत्रालयाने पत्र काढून कबूल केलं की लोक जुन्या फोटोचा फोटो काढून चढवतायत, कामाशी संबंध नसलेले फोटो टाकतायत. फोटो म्हणजे पुरावा असं ज्यांना वाटतं त्यांनी ते पत्र वाचावं.

४. काहीही हलवू नका. बादलीसुद्धा नाही

"मावशी, जरा घागर डोक्यावर घ्या की." हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. का, ते १९३६ च्या अमेरिकेत बघा. महामंदी, वरनं दुष्काळ, रूझवेल्ट सरकारने शेतकऱ्यांसाठी योजना काढल्या आणि त्यांची गरज लोकांना पटावी म्हणून सरकारी फोटोग्राफर नेमले. आर्थर रॉथस्टाइन नावाच्या तरुण फोटोग्राफरला साउथ डकोटात बैलाची कवटी सापडली. भेगाळलेल्या जमिनीवर चांगली दिसेल म्हणून त्याने ती दहाएक फूट सरकवून फोटो काढले. बस. रूझवेल्ट दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा तिथल्या एका पेपरने छापलं की हा फोटो बनावट आहे, आणि विरोधकांनी धरून ठेवलं की फोटो खोटा म्हणजे दुष्काळ खोटा, दुष्काळ खोटा म्हणजे योजना खोटी. दुष्काळ तर खराच होता. दहा फुटांनी घात केला.

त्याच खात्याच्या डोरोथिया लँगनेही त्याच वर्षी मार्चमध्ये कॅलिफोर्नियात वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला, तो तुम्ही नक्की पाहिलाय, दोन लेकरं खांद्यात तोंड लपवून आणि आई कुठंतरी बघतीये. पेपरात आला, सरकारने तळावर वीस हजार पौंड, म्हणजे नऊ टन अन्न पाठवलं. फोटोची ताकद म्हणून हे सगळीकडं सांगतात. पण अन्न पोचेपर्यंत ती बाई लेकरं घेऊन पुढच्या कामाला निघून गेलेली होती, हे कमी सांगतात. फोटो काढणाऱ्याने नाव विचारलं नव्हतं, ते जगाला कळायला १९७८ उजाडलं. आपण नाव विचारायचं. छापायचं का नाही ते पुढचं.

५. एकच चेहरा सगळ्या योजनेला चिकटवू नका

मार्टिन गिलेन्स नावाच्या अभ्यासकाने १९८८ ते १९९२ मधली अमेरिकेतली तीन मोठी न्यूज मॅगझिन काढून गरिबीवरच्या बातम्यांतले फोटो मोजले. फोटोंतल्या गरिबांमध्ये ६२ टक्के काळे निघाले. प्रत्यक्षात देशातल्या गरिबांत काळे होते २९ टक्के. आणि लोकांना विचारलं तर साधारण अंदाज यायचा, निम्मे. आता कुणी संपादकाने मीटिंग घेऊन असं ठरवलं नसणार, "गरिबाचा फोटो दे" म्हणल्यावर हात जिकडं जातो तिकडं गेला. पण त्यातून गोऱ्या मतदाराला वाटायला लागलं की मदत योजना म्हणजे "त्यांच्या" योजना.

आपला हात कुठं जातो? हे करून बघा, तासाभराचं काम आहे. तुमच्या पेपरचे, नाहीतर तुमचेच, योजनांवरचे शेवटचे तीस फोटो काढा. वहीत रकाने पाडा: बाई का पुरुष, वय, मधोमध कोण, नाव कुणाचं छापलं. मी केलं तेव्हा तीसपैकी एकवीस फोटोंत नाव फक्त देणाऱ्याचं होतं, घेणारा "लाभार्थी". गरीब म्हणून सुरकुत्या पडलेली आजी नऊ वेळा. कामावर जाणारा, धडधाकट पण गरीब असा माणूस एकदाही नाही! आणि मग आपल्या वाचकाला तसा माणूस रेशनच्या रांगेत दिसला की तो म्हणतो, "हा कशाला आलाय इथं?"

कुपोषण म्हणलं की मेळघाट आणि मेळघाट म्हणलं की उघडं, नाक गळणारं कोरकू लेकरू, १९९३ पासून तोच फोटो चाललाय. वाचकाला वाटतं हे "तिकडचं" आहे. त्याऐवजी अंगणवाडीत दंडाला लावायची पट्टी असते ना, तिचा फोटो घ्या. ११.५ सेंटिमीटरच्या आत आली की लाल, म्हणजे तीव्र कुपोषित. लेकराचा दंड, ताईंची बोटं, लाल रंग. चेहरा लागतच नाही.

६. परवानगी: "हो" म्हणजे हो नसतं

सरपंच, तलाठी, ग्रामसेवक शेजारी उभे असताना विचारलं तर सगळे हो म्हणतात. नाही म्हणून पुढच्या यादीतून नाव कोण कापून घेईल? बाजूला घेऊन विचारा, फोटो कुठं येणार ते सांगा, मोबाइलवर सगळ्या गावात फिरेल हेपण सांगा. मग बऱ्याच जणी नको म्हणतात, आणि ते ठीक आहे.

बालगृहातली, बालकल्याण समितीपुढं आलेली, गुन्ह्यात सापडलेली मुलं, यांची ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, चेहराच नाही, शाळेचं नाव, घराचा दरवाजासुद्धा नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. सहा महिन्यांपर्यंत तुरुंग किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

७. फोटोओळ तुम्हीच लिहा, नाहीतर दुसरा लिहील

आता माझी फजिती. रेशन दुकानाबाहेर रांगेचा फोटो काढला होता, जागा भरायला. पुढं एक बाई, अंगावर नवी साडी, गळ्यात ठसठशीत गंठण. मी फोटोओळ पाठवली नाही, कंटाळा केला, म्हणलं डेस्क (ऑफिसात बातम्या लावणारी मंडळी) बघेल. डेस्कने बघितलं. दुसऱ्या दिवशी हेडिंग: "सोन्याने मढलेल्यांचा गरिबांच्या धान्यावर डल्ला". खाली मोबाइलवर लोकांनी त्या बाईचा जो उद्धार केला तो इथं लिहवत नाही.

तिसऱ्या दिवशी बाई माझ्या दारात. हातात डबी. डबीत ते गंठण. "घे रं दादा, सोनाराकडं जा अन् इकून ये, येतील ते पैसे तुझे." बेन्टेक्स. भाचीच्या लग्नाहून थेट रांगेत आली होती कारण त्या दिवशी मशीन चालू होतं, आणि चालू असेल तेव्हा गाठावं लागतं. पेपरने चार दिवसांनी दोन ओळींचा खुलासा छापला, सातव्या पानावर, खाली कोपऱ्यात.

तर फोटोओळीत एवढं पाहिजेच: गाव, तारीख, योजनेचं नाव, चाललंय काय, आणि जे माहीत नाही त्याबद्दल गप्प. जुना असेल तर "संग्रहित". नुसता जागा भरायला टाकलेला असेल तर "प्रतीकात्मक". एआयने बनवलेली रडकी आजी तर अजिबात नको, सध्या तेही सुरू झालंय.

जाहिरातीतला फोटो बातमीत उचलू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोलकात्याच्या पेपरांत घरकुल योजनेची पानभर जाहिरात आली, हसरी बाई, स्वतःचं घर मिळालं म्हणून. पत्रकार शोधत गेले तर ती भाड्याच्या एका खोलीत राहत होती आणि फोटो कधी काढला हेही तिला माहीत नव्हतं. आपल्याकडं जुलै २०२४ मध्ये तीर्थदर्शन योजनेच्या जाहिरातीत एक म्हातारे गृहस्थ झळकले, ते तीन वर्षांपासून बेपत्ता होते. घरच्यांना ते दिसले ते जाहिरातीत.

८. पाठवणं आणि जपून ठेवणं

चाळीस फोटो पाठवू नका, डेस्क सगळ्यात भडक तोच उचलतो. तीन पाठवा. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून, नुसती इमेज पाठवली की तारीख-वेळ सगळं धुऊन जातं. मूळ फाइल डिलीट करायची नाही, दोन ठिकाणी ठेवा. ऑगस्ट २०१९ मध्ये उत्तर प्रदेशात मिर्झापूरच्या एका शाळेत पोषण आहारात पोरांना मीठ-पोळी दिल्याचं एका पत्रकाराने शूट केलं, तर सरकारची बदनामी केली म्हणून गुन्हा त्याच्यावरच नोंदवला. प्रकरण देशभर गाजलं, प्रेस कौन्सिलने दखल घेतली, काही महिन्यांनी पोलिसांनी त्याचं नाव वगळलं. असलं अंगावर आलं तर मूळ फाइल हाताशी पाहिजे.

९. छापून आल्यावर परत जा

कात्रण घेऊन. फोटोतल्या माणसाला दाखवा, वाचून दाखवा. यासाठी कुणी पैसे देत नाही, पण पुढच्या वेळी गावात तुम्हाला चहा मिळेल का शिव्या, ते इथं ठरतं.

बेन्टेक्सवाल्या मावशींच्या दारात मी तो खुलासा घेऊन गेलो होतो. त्यांनी कात्रण हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "अन् फोटू?" खुलाशात फोटो नव्हता. मी म्हणलं नाही छापला. त्या म्हणल्या, "मग कुणाला कळणार, मी तीच म्हणून?" कात्रण त्यांनी परत दिलं. अजून माझ्या वहीत आहे.